दर्या, दऱ्या आणि आमच्या बाई

न्यू जर्सीतल्या आमच्या रविवारच्या मराठी शाळेत मुलं 'क' ते 'ज्ञ' भराभर शिकतात. गाडी अडते ती 'र'पाशी. सूर्यातला रफार, प्रकाशातला तिरका र, राष्ट्रातला आणखी निराळा आणि दुसऱ्यातला तर या सगळ्यांहून वेगळा! 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. हा फरक इथं जन्मलेल्या मुलांना सांगायचा कसा?

मला तो वाईला चौथीत असताना, १९८१ साली, बाईंनी टाळ्या वाजवून शिकवला होता. एवढंच आठवत होतं. मग शाळेतल्या मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं. दोन दिवसांत नंबर मिळाला. बाई आता ८४ वर्षांच्या, साताऱ्याला लेकीकडे असतात.

मी माहेरचं नाव सांगितलं. पलीकडून लगेच प्रश्न आला, "गणपती आळीतली का गं? स्कॉलरशिपला बसलेली?" बेचाळीस वर्षांनी! मला पुढे बोलवेना. बाई मात्र थेट कामाला लागल्या.

"मोठ्यांदा म्हण. 'दर्या' म्हणताना 'द'वर जोर येतो ना? तिथं जोरात टाळी. 'दऱ्या'मधला 'द' हलका, तिथं हळू टाळी. जोर आला की रफार. कार्य, पर्याय, मर्यादा: जोरात. पायऱ्या, गोऱ्या, तऱ्हा: हळू. आधी कान तयार कर, हात आपोआप येतो."

पुढच्या रविवारी बाईंनीच व्हिडिओ कॉलवर वर्ग घेतला. आमच्याकडे सकाळचे नऊ, त्यांच्याकडे संध्याकाळचे साडेसहा. ऐकू कमी येतं, म्हणून मुलांचे प्रश्न लेक त्यांच्या कानाशी सांगते. आता महिन्यातून एकदा हा वर्ग भरतो. नोव्हेंबरात बाईच आठवण करून देतात, "तुमची घड्याळं मागं गेली ना? मग आपले साडेसात."

लेक मला म्हणाली, "आई हल्ली फारशी कुणाशी बोलत नव्हती. वर्गाच्या दिवशी मात्र चार वाजताच इस्त्रीची साडी नेसून बसते."

तुमच्याही बाई, गुरुजी कुठेतरी असतील. एवढ्या वर्षांनी फोन करून बोलायचं काय, असा संकोच वाटत असेल, तर आभार नंतर माना. आधी काहीतरी अडलेलं विचारा. ज्यांनी जन्मभर शिकवलं, त्यांना कुणी विचारणारं हवं असतं.

दिवाळीला आमच्या मुलांनी बाईंना पोस्टानं पत्रं पाठवली. महिन्याभरानं ती सगळी परत आली, लाल शाईनं तपासून! आईवडिलांना इतका आनंद झाला, की त्यांनी ती फ्रेम करून भिंतीवर लावायचं ठरवलं. बाईंना हे कळलं, तेव्हा निरोप आला: "भिंतीवर कशाला? चुकलेले शब्द पाच-पाच वेळा लिहून काढायला सांग."