स्वप्नावर विश्वास आहे? मग पहिल्या पावसाळ्याची तयारी करा!



"सर, माझा माझ्या स्वप्नावर शंभर टक्के विश्वास आहे. नोकरी सोडून धंद्यात उतरू का?" हा प्रश्न मला सारखा येतो. त्यावर मी उलट विचारतो, "धंदा चार महिने बंद राहिला तर काय कराल?" बहुतेक जण गप्प होतात.

मी असं का विचारतो? त्यासाठी तुम्हाला लिज्जत पापडची सुरुवात माहीत हवी. १५ मार्च १९५९. मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी जमल्या. हातात उसने घेतलेले ८० रुपये. त्या दिवशी पापडाची चार पाकिटं तयार झाली आणि भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याकडे विकायला गेली. पुढे काम वाढलं, बायका वाढल्या. आणि मग आला पावसाळा! ऊन नाही, तर पापड वाळणार कुठे? पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावं लागलं.

आता लक्षात घ्या, "हे आपल्याला जमणार नाही" म्हणून त्या घरी बसल्या नाहीत. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी खाट आणली, शेगडी आणली. खाटेवर पापड, खाली शेगडी. काम सुरू! माझ्या मते विश्वास म्हणतात तो हा. अडचण येणारच हे मान्य करायचं आणि तिच्यावरचा आपल्या ऐपतीतला उपाय शोधायचा.

हेतू कशासाठी लागतो?

या बायकांना स्वयंपाक येत होता. त्या कौशल्यावर, घर सांभाळून, स्वतःच्या कष्टाचे चार पैसे कमवायचे, एवढा साधा हेतू होता. तोटा झाला तरी चालेल, पण कोणाकडे देणगी मागायची नाही, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, त्यातला हलका स्वस्तात विकण्यासाठी. पण दर्जाशी तडजोड करू नका, असा सल्ला त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी दिला आणि त्यांनी तो मानला.

म्हणजे हेतू फक्त भिंतीवर लावायला नसतो. धंदा मंदावला की "माल थोडा हलका वापरू" असा मोह होतो. तेव्हा "नाही" म्हणायला हेतू लागतो.

धाडस किती करायचं?

इथे आपली माणसं फसतात. स्वप्न मोठं, म्हणून कर्जही मोठं! पहिल्याच महिन्यात गाळ्याचं डिपॉझिट, फर्निचर, बोर्ड... आणि बायकोचे दागिने गहाण. अहो, गिऱ्हाईक कुठे आहे अजून?

समजा, तुम्हाला चकलीचा धंदा करायचा आहे. आधी दहा किलो करा. किलोमागे कच्चा माल २२० रुपये, गॅस आणि पॅकिंग ४० रुपये, तुमची मजुरी ६० रुपये. झाले ३२०. ४०० रुपयांनी विकली तर किलोला ८० रुपये उरतात. नाहीच विकली गेली तर नुकसान ३,२०० रुपये. ते सोसता येईल, घर मोडणार नाही. स्वतःची मजुरी मात्र धरायचीच. ती सोडून हिशोब केला तर फायद्याचा आकडा खोटा निघतो.

लिज्जतची पहिल्या वर्षाची विक्री होती ६,१९६ रुपये. पुढे १९६६ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मधली वर्षं मोजा. बासष्ट!

या आठवड्याचं काम

एक वही घ्या आणि तीन गोष्टी लिहा.

१. माझ्या धंद्याचा "पावसाळा" कोणता? मंदीचे महिने, उधारी, की घरातलं आजारपण? त्यावर माझी खाट-शेगडी काय?
२. कितीही अडचण आली तरी मी कोणती गोष्ट करणार नाही?
३. किती रुपये बुडाले तरी माझं घर नीट चालेल? पहिला प्रयोग त्याच्या आतच.

ही तीन उत्तरं लिहून झाली की घरच्यांना वाचून दाखवा. नोकरीचा राजीनामा त्यानंतर. आणि तोपर्यंत रविवार आहेच की, दहा किलो चकली करायला!