चित्रसंकेताच्या निर्गम-मंडलातील वर्णदोषाचा शोध

रंगीत चित्राचा संकेत तांबडा, हिरवा व निळा अशा तीन स्वतंत्र वाहिन्यांतून पडद्याकडे जातो. तिन्ही संकेत प्रत्येक पातळीवर समान असतील, तरच करडा रंग करडा दिसतो. म्हणून वर्णदोष शोधताना प्रथम काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या करड्या पायऱ्यांचे चित्र घ्यावे. काळ्या पायरीवरही छटा उमटत असेल, तर एखाद्या वाहिनीची मूळ पातळी ढळली आहे असे समजावे. काळा भाग शुद्ध राहून उजळ पायऱ्यांवर छटा वाढत गेल्यास दोष प्रवर्धनाचा किंवा भाररोधाचा असतो.

रूढ रचनेत पूर्ण पांढऱ्यासाठी ७५ ओहमच्या उगमरोधामागे १.४ व्होल्ट असतात. टोकाशी ७५ ओहमचा भार जोडल्यावर ०.७ व्होल्ट उरतात. हिरव्या वाहिनीचा भार सुटला, तर तेथे १.४ व्होल्ट येऊन चित्र हिरवट होते. चुकून दोन भार जोडले गेले, तर सुमारे ०.४७ व्होल्टच मिळून ते किरमिजी दिसते. दोन्ही प्रसंगी प्रवर्धक निर्दोषच असतो. यास्तव भार तपासल्याविना प्रवर्धनाचे नियंत्रण हलवू नये. अन्यथा मूळ दोष झाकला जातो आणि पुढे योग्य भार जोडताच विरोधी छटा प्रकट होते.