पॉलिशर (मोटारीचा रंग)

पॉलिशर हे मोटारीच्या रंगावरील बारीक ओरखडे व निस्तेजपणा घालवण्यासाठी वापरले जाणारे, विजेवर चालणारे हातयंत्र आहे. आधुनिक मोटारींच्या रंगावर क्लिअर कोट हा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारणपणे ३५ ते ५० मायक्रोमीटर, म्हणजे साधारण कागदापेक्षाही कमी असते. पॉलिशिंगने ओरखडा भरून निघत नाही. त्याच्या भोवतालचा थर घासून पृष्ठभाग सपाट होतो. घासला गेलेला थर परत येत नाही.

रोटरी पॉलिशरचे पॅड एकाच अक्षाभोवती फिरते. काम झपाट्याने होते, पण क्षणभर एका जागी थांबल्यास उष्णतेने थर जळू शकतो. ड्युअल ॲक्शन प्रकारात पॅड स्वतःभोवती फिरतानाच लहान वर्तुळातही सरकते. त्याच्या प्रचलित मुक्त रचनेत जास्त दाब दिल्यास स्वतःभोवतीचे फिरणे मंदावते वा थांबते. वेळ अधिक लागला तरी घरगुती वापरास हाच प्रकार सुरक्षित ठरतो.

गाडी आधी धुवून कोरडी करतात; राहिलेली धूळ पॅडखाली सँडपेपरसारखे काम करते. कडांवर थर पातळ असल्याने तेथे मास्किंग टेप लावतात. सावलीत, थंड पत्र्यावर, सौम्य पॉलिश व मऊ फोमच्या पॅडने लहानशा भागावर चाचणी घेऊन मगच गरजेनुसार तीव्र कंपाउंड वापरले जाते. नख अडकण्याइतका खोल ओरखडा पॉलिशने काढू नये. मॅट रंगावर पॉलिशर वापरत नाहीत.