शिकाऊ उमेदवारीची जाहिरात कशी असावी?

नोकरीची जाहिरात रिक्त पद भरण्यासाठी असते. शिकाऊ उमेदवारीची जाहिरात काम करता करता शिकण्याची संधी देऊ करते. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ नुसार असा उमेदवार प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. प्रशिक्षणानंतर त्याच संस्थेत नोकरी करण्याची अट करारात असेल, तरच ती देण्याचे बंधन नियोक्त्यावर येते. २०१४ च्या दुरुस्तीने कला शाखेच्या पदवीधरांनाही हा मार्ग खुला झाला.

म्हणून नियोक्त्याने जाहिरातीत कामाचे स्वरूप, कालावधी, ठिकाण, वेळ, विद्यावेतन आणि अर्जाची अंतिम तारीख नेमकेपणाने नमूद करावी. ‘आकर्षक मानधन’ हा शब्दप्रयोग काहीच सांगत नाही. केवळ महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लावलेली जाहिरात नोकरी सांभाळून दूरशिक्षण घेणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. ती अभ्यासकेंद्राकडेही पाठवावी. ‘फक्त नियमित पदवीधर’ ही अटही समर्थनीय नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी पारंपरिक पदवीशी समकक्ष आहे.

जाहिरात वाचताना आपण हेच मुद्दे तपासावेत. जो मुद्दा तीत आढळत नाही, तो अर्ज करण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावा.