यवतमाळचं नॅरोगेज स्टेशन

यवतमाळच्या जुन्या स्टेशनात आता गाडी येत नाही. हे स्टेशन बांधलं गेलं ते प्रवाशांसाठी नव्हे, कापसासाठी. त्याआधी इथल्या व्यापाऱ्यांना जवळचं स्टेशन धामणगाव. कापसाच्या बैलगाड्या पंचेचाळीसेक किलोमीटर रस्ता तुडवत तिथे जायच्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने मुंबई-नागपूर मार्गावरच्या मूर्तिजापूरहून दोन फाटे टाकले. एक अचलपूरला, ७६ किलोमीटरचा. दुसरा कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला, ११३ किलोमीटरचा. रूळ अडीच फुटी. जिनिंगमध्ये सरकी काढायची, रुई दाबून गाठी बांधायच्या, त्या मूर्तिजापूरला उतरवून मोठ्या गाडीत चढवायच्या. पुढे मुंबई, आणि बोटीने इंग्लंडच्या गिरण्या. मँचेस्टरला १९२१ साली घडलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन या रुळांवर १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबलं. मग डिझेल आलं.

कापूस ट्रकने जाऊ लागला, तरी गाडी राहिली ती गावागावांतल्या माणसांमुळे. त्यांनी तिला शकुंतला म्हटलं. भाडं एसटीपेक्षा कितीतरी कमी, म्हणून मजूर, बाजारकरी, म्हातारीकोतारी हिच्यानेच जात. शेवटच्या वर्षांत गाडीसोबतची मोजकी माणसंच सगळं सांभाळत. फाटक आलं की गाडी थांबायची, एकजण उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की उघडून परत चढायचा. तिकिटं गार्डच द्यायचा. इतक्या कमी माणसांनी इतकी वर्षं गाडी चालू ठेवली, याचा मला मनापासून आदर वाटतो.

देशातल्या रेल्वे सरकारी झाल्या, हा मार्ग मात्र खासगी मालकीचाच राहिला. गाड्या मध्य रेल्वेच्या, रूळ कंपनीचे. माझ्या मते रुळांची आबाळ झाली ती या दुहेरी व्यवहारामुळेच. रूळ खिळखिळे झाले, वेग घटत गेला, आणि अखेर गाडी बंद पडली.

२०१६ मध्ये ब्रॉडगेजची घोषणा झाली. त्यासाठी लोकांची आंदोलनंही झाली. दरम्यान वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गाचं काम चालू आहे; त्यातल्या वर्धा-कळंब टप्प्यावर २०२४ च्या फेब्रुवारीत गाडी सुरू झाली. हा मार्ग यवतमाळवरून दारव्ह्याला येऊन दिग्रस-पुसदकडे वळतो, कारंज्याला जात नाही. म्हणून दारव्हा ते मूर्तिजापूर हा जुना टप्पा तरी ब्रॉडगेज व्हायलाच हवा. मुंबई-नागपूर मार्गाशी कारंज्याला जोडणारे रूळ तेवढेच आहेत.