मांजर काय मागतें?

पहांटेचे साडेचार वाजलेले असतात. घरांतील माणसें गाढ झोपेंत असतात आणि अशा वेळीं मांजर पलंगाशीं येऊन ओरडूं लागतें. प्रथम एक हलकी हांक, मग जरा मोठी. तेवढ्यानें काम भागलें नाहीं तर तें पांघरुणावर पंजा मारतें आणि अखेरीस टेबलावरचा चष्मा हळूच कडेला ढकलून खालीं पाडतें. कोणीतरी चडफडत उठतें, बशींत थोडें दूध ओततें आणि पुन्हां अंथरुणावर येऊन पडतें. सकाळीं चहाच्या वेळीं घरांत एकमत होतें कीं, हें मांजर फार हट्टी आहे. तें खरें मानलें, तरी हा हट्ट त्याला शिकविला कोणी, हा प्रश्न उरतोच.

पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यांत रिहे नांवाचें गांव आहे. हा सारा मुलूख पावसाचा आणि भाताचा. अशा गांवांत ज्या घरीं धान्य सांठविलेलें असतें तेथें उंदीर येतात, आणि उंदरांच्या मागोमाग मांजर येतें. त्या मांजराला दिवसभर उद्योग असतो. कणगीमागें दबा धरावयाचा, माळ्यावर फेरी घालावयाची, बांधावर ऊन खात पडावयाचें, शेजारच्या बोक्याशीं हद्दीवरून भांडावयाचें. माणसाच्या मागें लागण्यास त्याला सवडच थोडी. त्याच मांजराचें एखादें पिल्लूं पुण्यांतील तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आणून ठेवलें, म्हणजे काय होतें? उंदीर नाहीं, माळा नाहीं, हद्द नाहीं. नखें तींच, कान तेच, दबा धरण्याची चिकाटीहि तीच. कामधंदा मात्र गेलेला. त्या खोल्यांत हलणारी, बोलणारी आणि उत्तर देणारी अशी एकच वस्तु असते, ती म्हणजे माणूस. मग मांजरानें आपली सारी चिकाटी त्याच्यावर खर्च केली, तर त्यांत नवल तें काय?

धान्याचें आणि मांजराचें हें नातें फार जुनें आहे. जगांतील सर्व पाळीव मांजरें पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका यांतील एका रानमांजराचे वंशज आहेत, असें २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनांतून दिसून आलें. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीं पुरलेल्या एका माणसाशेजारीं मांजराचा सांगाडा मिळाला, तें वृत्त २००४ सालीं प्रसिद्ध झालें. हा रानमांजराचा पूर्वज एकटा राहणारा व एकटा शिकार करणारा. कुत्र्याच्या पूर्वजांप्रमाणें तो कळपांत वाढलेला नव्हता. त्यामुळें कोणाकडे कांहीं मागावयाचें, तर मांजराजवळ त्याची एकच जुनी भाषा असते: पिल्लानें आईशीं बोलावयाची.

मोठीं झालेलीं मांजरें आपसांत फारसें ‘म्याँव’ करीत नाहींत. त्यांचे व्यवहार वासानें, शेपटीनें आणि प्रसंगीं फिस्कारण्यानें चालतात. ‘म्याँव’ ही मुख्यतः पिल्लाची हांक होय. माणसाच्या घरांत मात्र ती हांक जन्मभर टिकते, कारण येथें तिला उत्तर मिळतें. शेपूट ताठ उभारून सामोरें येणें, मांडीवर बसून कणीक तिंबावी तसे पंजे चालविणें, हेंहि त्याच बाळपणाचें शेष. गाल पायांशीं घासण्यांत आणखी एक हेतु असतो. गालापाशीं गंध सोडणाऱ्या ग्रंथि असतात, आणि त्या घासून मांजर माणसाला आपल्या परिचयाचा वास लावून ठेवतें.

त्याची घुरघुरहि वाटते तितकी भोळी नाहीं. इंग्लंडांतील ससेक्स विद्यापीठांत कॅरन मॅकोंब यांनीं २००९ सालीं असें दाखविलें कीं, खाणें मागतांना कांहीं मांजरें नेहमींच्या खोल घुरघुरींत एक उंच सूर मिसळतात. सेकंदाला सुमारे ३८० कंपनांचा हा सूर तान्ह्या मुलाच्या रडण्याच्या पट्टींतला असतो. ज्यांनीं कधीं मांजर पाळलें नव्हतें अशा श्रोत्यांनाहि ती घुरघुर अधिक निकडीची वाटली. पहांटेच्या त्या हांकेला माणसाचें मन एकाएकीं कां विरघळतें, याचें मर्म कांहीं अंशीं येथें आहे.

आतां हट्टाच्या शिक्षणाचा विचार. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनीं १८९८ सालीं आपले प्रसिद्ध प्रयोग केले ते मांजरांवरच. भुकेलें मांजर पेटींत कोंडावयाचें आणि बाहेर खाणें ठेवावयाचें. दोरी ओढली किंवा दांडा दाबला कीं दार उघडे. आरंभीं मांजर वाटेल तसें ओरबाडी. चुकून दोरी ओढली जाई. पुढें पुढें व्यर्थ खटपट कमी होऊन तें थेट दोरीकडे जाऊं लागे. कांहीं मांजरांना त्यांनीं अंग चाटल्यावरच बाहेर सोडलें, तर तीं सुटकेसाठीं अंग चाटावयास शिकलीं. ज्या कृतीनें दार उघडतें ती कृति टिकते, मग ती कितीहि विचित्र असो. चष्मा पाडणें ही अशीच एक दोरी आहे, आणि दार उघडणारा घरांतच झोपलेला आहे.

येथें घरोघर दोन चुका होतात. एक, रागावणें हीहि मांजराच्या दृष्टीनें दखलच असते. दिवसभर ज्याच्याकडे कोणी पाहिलें नाहीं त्याला ओरडाहि चालतो. दुसरी चूक अधिक घातक. चार दिवस कानावर हात ठेवावयाचे आणि पांचव्या दिवशीं कंटाळून उठावयाचें. अधूनमधून मिळणारें फळ सवय अधिकच घट्ट करतें. शिवाय उत्तर मिळेनासें झालें, म्हणजे ओरडणें थांबण्यापूर्वीं कांहीं दिवस वाढतें. नेमक्या त्याच वेळीं धीर सुटला, तर मोठ्यानें ओरडलें कीं काम होतें हा नवा धडा दिला जातो.

म्हणून उपाय मागणीच्या वेळीं करावयाचा नसून मागणीच्या आधीं करावयाचा. खाण्याच्या वेळा ठरवाव्या व घरांतील सर्वांनीं त्या पाळाव्या. रात्रीं निजण्यापूर्वीं दोरीला बांधलेलें पीस फिरवून दहा-पंधरा मिनिटें त्याला शिकारीचा खेळ खेळूं द्यावा आणि मग जेवण द्यावें. खिडकीशीं बसावयास उंच जागा करावी. तें शांत बसलें असतां आपण होऊन हांक मारावी. मांजर केवळ पोटासाठींच माणसाकडे येतें, हाहि गैरसमज आहे. २०१७ सालच्या एका अमेरिकन प्रयोगांत खाणें, खेळणें, वास आणि माणसाचा सहवास यांतून निम्म्या मांजरांनीं सहवासच पसंत केला. ती मागणी लाडाची खरी, पण खोटी नव्हे.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, प्रत्येक ओरडणें म्हणजे हट्ट नव्हे. शस्त्रक्रिया न केलेली भाटी माजावर आली म्हणजे रात्रंदिवस ओरडते. उतार वयाचें मांजर भरपूर खाऊनहि वाळत चाललें व रात्रीं ओरडूं लागलें, तर थायरॉईड ग्रंथीचा विकार असूं शकतो. पाणी फार पिऊं लागलें, तर मूत्रपिंडाचा. बोका वारंवार मातीच्या ट्रेकडे जाऊन कुंथूं लागला, ओरडूं लागला आणि लघवीचा थेंबहि येईना, तर मूत्रमार्ग तुंबला असें समजून त्याच घटकेस पशुवैद्याकडे न्यावें. एक-दोन दिवसांचा विलंबहि प्राणावर बेततो. अशा वेळीं माणसाची वेदनाशामक गोळी देऊं नये. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे.

हट्ट आणि वेदना यांतील भेद ओळखावयाचा, तर मांजराची रोजची रीत ठाऊक असली पाहिजे. तें केव्हां जेवतें, कोठें निजतें, कोणत्या सुरांत बोलतें, हें ज्या घरानें निवांतपणीं पाहून ठेवलें आहे, त्या घरालाच एके दिवशीं तो सूर बदललेला ऐकूं येईल. बंद दाराआडच्या त्या जिवाला आपलें दुखणें सांगावयास दुसरें कोणी नाहीं.