मसाला मार्केटातली तुरटी

नावे

वाशीच्या एपीएमसी मार्केटात गुजराती पेढीवर जी फटकडी, हिंदी गिऱ्हाइकाच्या तोंडी जी फिटकरी, तीच माथाडी कामगाराची तुरटी. पहिली दोन नावे रूपावरून पडली. मुळाशी संस्कृत ‘स्फटिक’. मराठीने चव पकडली. संस्कृत ‘तुवर’ म्हणजे तुरट, आणि ‘तुवरी’ म्हणजे तुरटीची मातीसुद्धा आणि तूरसुद्धा. ती तूर इथल्याच दाणा मार्केटात. जुन्या वैद्यकग्रंथांत ‘सौराष्ट्री’ असेही नाव येते. सौराष्ट्राशेजारच्या कच्छमधल्या मढ गावी तर १९व्या शतकातही मातीपासून तुरटी काढत.

खड्यात काय असते?

पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम यांचे जोड-सल्फेट. पण वजनाचा सुमारे ४५ टक्के भाग निव्वळ पाणी! म्हणून तव्यावर ठेवलेला खडा आधी वितळतो, मग फुगून त्याची पांढरी लाही होते. दृष्ट काढून निखाऱ्यावर टाकलेल्या तुरटीत कुणाचे तरी तोंड ‘दिसते’, ती करामत या पाण्याच्या वाफेची. शेजारणीवर उगाच आळ नको.

गढूळ पाणी

पावसाळ्यात हंड्यातल्या पाण्यात तुरटी फिरवायची रीत जुनी आहे. गाळाचे बारीक कण ऋणभारित असतात. एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून तासन्‌तास खाली बसत नाहीत. तुरटीतल्या ॲल्युमिनियमचा भार धन. तो हे ढकलणे मोडतो, शिवाय पाण्यात चिकट पुंजके तयार होतात आणि गाळ त्यांना लगडून तळाशी जातो. शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांतही हेच तत्त्व, फक्त तिथे बहुधा ॲल्युमिनियम सल्फेट किंवा पीएसी (पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड) वापरतात. मात्र निवळ म्हणजे निर्जंतुक नव्हे. वरचे पाणी अलगद काढून उकळायचे किंवा त्यात क्लोरीन टाकायचे.

न्हावी, रंगारी, वाळवण

दाढीनंतर न्हावी गालावर खडा फिरवतो, कारण तुरटीने कातडी आवळते, रक्तातली प्रथिने साकळतात आणि बारीक कापल्याचे रक्त थांबते. खोल जखमेवर तिचा उपयोग नाही. रंगारी मंजिष्ठेचा लाल रंग सुती कापडावर पक्का बसवण्यासाठी तीच वापरत.

उन्हाळ्यात कांदा-बटाटा मार्केटातून पोतेभर बटाटे आले, की वेफर्सचे काप तुरटीच्या पाण्यात पडतात. काप काळवंडत नाहीत. खडा पाण्यात जेमतेम फिरवावा आणि नंतर काप स्वच्छ पाण्याने दोनदा धुवावेत, नाहीतर सगळे वाळवण तुरट लागते.